शौचकूपाची टाकी उलटू लागल्यास

गेल्या भाद्रपद महिन्यात जामनेर तालुक्यातील पहूर येथे आमचे जाणे झाले. जळगावाहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील हे वाघूर नदीकाठचे गाव वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ज्या बंधूच्या घरी आम्ही उतरलो होतो त्यांच्या घरात त्या दिवशी मोठी अडचण उत्पन्न झाली होती. शौचकूपात पाणी ओतले असता ते खाली न जाता भांड्यातच वर चढे, आणि न्हाणीच्या मोरीतून काळे, दुर्गंधीचे पाणी बुडबुड आवाज करीत उलट येई. घरात माणसे सात, त्यांत एक वृद्ध माता व दोन लहान मुले. तीन दिवस मंडळी शेजाऱ्यांच्या घरी जाऊन कशीबशी सोय भागवीत होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा परसात एक मनुष्य बादली, दोर व फावडे घेऊन उभा होता. टाकीवरचा ढापा काढून त्याने आत उतरावे व मैला उपसून द्यावा, असा बेत असून त्याची मजुरी पाचशे रुपये ठरली होती. आम्ही त्यास उतरू दिले नाही. टाकीचा दोष कसा हुडकावा हे ह्या लेखात आम्हांस सांगावयाचे आहे. परंतु त्या मनुष्यास का अडविले हे आधी सांगितले पाहिजे, कारण दोष हुडकण्यात चूक झाली तर आठ दिवस त्रास होतो, येथे चूक झाली तर माणूस जातो.

टाकीत मैला कुजतो तो हवेवाचून कुजतो, आणि त्या कुजण्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे वायू उत्पन्न होतात. शेवटचा वायू थोडका असता सडक्या अंड्यासारखा वास येतो, हे सर्वांस ठाऊक आहे. पण तो वाढला म्हणजे नाकाची वास ओळखण्याची शक्तीच नाहीशी करतो, हे फार थोड्यांस ठाऊक असते. म्हणून 'आता वास येईनासा झाला, वाईट हवा निघून गेली' हे अनुमान अत्यंत घातक होय. विहिरीत उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहण्याची जुनी चाल आहे. ती येथे मुळीच योजू नये. मिथेन पेट घेतो. शिवाय दिवा जळत राहिला तरी तेथे विषारी वायू नाही असे त्यावरून सिद्ध होत नाही, कारण माणसाला मारावयास जितका हायड्रोजन सल्फाइड पुरतो तितक्याने दिव्याची ज्योत हलतही नाही.

ही भीती पुस्तकी नव्हे. ११ मे २०२३ रोजी परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा येथे, मैल्याची टाकी साफ करताना पाच मजूर मरण पावले. एप्रिल २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातील वाकडी गावी एक मांजर शेणाच्या राड्याने भरलेल्या जुन्या विहिरीत पडले. त्यास काढावयास एक उतरला, त्यास काढावयास दुसरा, आणि असे करता करता पाच जण प्राणास मुकले. सहावा कमरेस दोर बांधून उतरला होता म्हणून वरच्यांस त्याला ओढून काढता आले. अशा मृत्यूंची रीत बहुधा हीच असते. पहिला बळी पोटासाठी पडतो आणि पुढचे मायेपोटी. आत कोणी कोसळलेच, तर मागोमाग उडी घालू नये. वरून दोर किंवा शिडी सोडावी, वारा घालता येईल तितका घालावा आणि ११२ किंवा १०१ ह्या क्रमांकावर तत्काळ मदत मागावी.

कायदाही ह्याविषयी स्पष्ट आहे. २०१३ च्या कायद्याने कोणत्याही माणसास संरक्षक साधनांवाचून मैल्याच्या टाकीत धोक्याच्या सफाईसाठी उतरविणे हा गुन्हा ठरला असून पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. हा नियम नगरपालिकांपुरता आहे असा अनेकांचा समज दिसतो. तो चुकीचा आहे. खासगी घरधनीही त्यातून सुटत नाही. अशा मृत्यूबद्दल कुटुंबास द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली.

तो मनुष्य आम्हांस म्हणाला, "पाळकसाहेब, माझा बाप हेच करीत आला. मी नाही उतरलो तर दुसरा कोणी उतरेल." त्याच्या म्हणण्यास आमच्याजवळ तत्काळ उत्तर नव्हते. ह्या कामास ठराविक जातीचीच माणसे का बोलावली जातात, हे त्यालाही ठाऊक होते व आम्हांलाही. घरधन्यास आम्ही बाजूला नेऊन एवढेच विचारले की, ह्या भोकातून तुम्ही आपल्या मुलास खाली सोडाल काय? ते काही बोलले नाहीत; पण दोर गुंडाळून ठेवण्यात आला. मग आम्ही त्या मनुष्यासच सोबत घेऊन, आत न उतरता, दोष कोठे आहे हे पाहण्यास आरंभ केला.

येथे टाकीचे काम कसे चालते हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पुष्कळांस वाटते की टाकी मैला 'खाऊन टाकते'. तसे नाही. टाकीत आलेले पाणी सुमारे एक दिवस स्थिर राहावे, एवढाच तिचा हेतू. ते स्थिर राहिले म्हणजे जड भाग तळाशी गाळ होऊन बसतो, तेलकट व हलका भाग दुधावरच्या सायीप्रमाणे वर तरंगतो, आणि मधले त्यातल्या त्यात निवळ पाणी पलीकडच्या नळीने शोषखड्ड्यात जाते. गाळ हळूहळू कुजून कमी होतो, पण पुरता नाहीसा कधीच होत नाही. इंग्लंडातील एक्झिटर शहरी डोनाल्ड कॅमेरॉन ह्या अभियंत्याने १८९५ साली अशा टाकीस 'सेप्टिक टँक' हे नाव दिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७ साली, मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसतीत अशाच टाक्यांतील वायू गोळा करून त्यावर इंजिन चालविल्याची नोंद आहे. म्हणजे ही विद्या आपल्या प्रांतास नवी नाही. केवळ खेड्यापाड्यांत ती गवंड्याच्या अंदाजावर सोपविली गेली.

ह्या कार्यपद्धतीवरून एक गोष्ट निघते, व ती ध्यानात धरली तर निम्मे गैरसमज दूर होतील. चांगली चालणारी टाकी नेहमी भरलेलीच असते. जाणाऱ्या नळीच्या तोंडापर्यंत पाणी हे तिचे स्वाभाविक माप होय. ढापा उघडून 'टाकी भरली, टाकी भरली' असे ओरडण्यात काही अर्थ नाही. पाहावयाचे ते हे की पाणी त्या तोंडाच्या वर चढले आहे काय.

पहूरच्या घरी आम्ही प्रथम विचारले की, पाणी कोठून कोठून उलटते? एकच भांडे तुंबले असून मोरी वाहती असेल, तर दोष त्या भांड्याच्या वळणात किंवा त्याच्या नळीत असतो. फडके, मुलांची लंगोटी, मासिक पाळीचे पॅड किंवा गुटख्याच्या पुड्या अडकलेल्या असतात, आणि लवचीक वेताने किंवा सळईने काम भागते. टाकीस हात लावण्याचे कारणच नसते. येथे मात्र भांडे व मोरी दोन्ही उलटत होती, तेव्हा अडथळा दोहोंच्या पुढे कोठेतरी होता.

नंतर घर व टाकी ह्यांमधल्या चेंबरचे झाकण उघडले. हे चेंबर म्हणजे रोग्याची नाडी समजावी. ते कोरडे असेल तर अडथळा घराकडे; ते तुडुंब असेल तर टाकीकडे. पहूरचे तुडुंब होते. मग टाकीचे दोन्ही ढापे सरकविले. मुलांना दूर केले, विडी-काडीस मनाई केली, वाऱ्याच्या पाठीशी उभे राहिलो व काही वेळ कोणीही वाकून पाहिले नाही. पाणी येणाऱ्या तोंडाशी कधीकधी साय इतकी घट्ट जमते की तीच बूच होऊन बसते. तेव्हा टाकीचे पाणी योग्य पातळीस असते व चेंबर मात्र भरलेले असते. लांब काठीने साय फोडली की पाणी खळाळून वाहू लागते. आमच्यापुढे तसे नव्हते. पाणी जाणाऱ्या नळीच्या तोंडावर चांगले वीतभर चढले होते. ह्याचा अर्थ, टाकीतून बाहेर पडावयाची वाट बंद झाली होती.

आता गाळ किती हे पाहिले. लांब वेळूच्या खालच्या तीन फुटांस जुने पांढरे धोतर गुंडाळून तो सरळ तळापर्यंत सोडला, काही मिनिटे तसाच धरला व सावकाश वर काढला. काळा चिखल जेथवर चिकटला होता ते माप नऊ इंच भरले. साय तीन इंचांहून अधिक नव्हती. टाकी आतून सहा फूट लांब, तीन फूट रुंद व पाण्याची खोली चार फूट. सात माणसांच्या घरास हे माप पुरेसे आहे. पाच माणसांसाठी भारतीय मानकात सांगितलेले किमान माप दीड मीटर लांबी, पाऊण मीटर रुंदी व एक मीटर पाणी इतकेच आहे. गाळ व साय मिळून खोलीचा तिसरा हिस्सा व्यापू लागली म्हणजे उपसा करावा, असा सामान्य नियम धरता येतो. येथे चौथाच हिस्सा भरला होता. म्हणजे ज्या कामासाठी तो मनुष्य जिवावर उदार होऊन आत उतरणार होता, त्या कामाची गरजच नव्हती!

शेवटी शोषखड्डा उघडला. तो काठोकाठ भरलेला होता, आणि खरा दोष तेथेच होता. हा खड्डा कोरडा असून टाकी चढलेली असती, तर मधली नळी तुंबली असे ठरले असते. जेथे शोषखड्ड्यास झाकण नाही तेथे दुसरी एक खूण आहे. गाडीने टाकी उपसताना जाणाऱ्या नळीकडे नजर ठेवावी. तिच्यातून पाणी उलट टाकीत वाहू लागले, तर खड्डा भरलेला आहे हे निश्चित समजावे. शेजारच्याच घरी श्रावणात गाडी बोलावून टाकी रिकामी केली होती, आणि आठव्या दिवशी स्थिती पूर्ववत. त्यांनी गाडीवाल्यास दोष दिला. वास्तविक त्याने आपले काम बरोबर केले होते.

खानदेशात हा दोष इतका आढळतो त्याचे कारण आपली काळी कपाशीची जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वैशाखात गवंडी खड्डा खणतो, त्यात दहा घागरी पाणी ओतून दाखवितो, आणि पाणी पाहता पाहता नाहीसे होते. घरधनी खूष होतो. पण ते पाणी जमिनीने शोषलेले नसते, भेगांतून पळालेले असते. मृगाचा पाऊस पडला की ती माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन मडक्यासारखी पाणी धरून बसते. खड्ड्याची परीक्षा वैशाखात घेणे म्हणजे छपराची परीक्षा उन्हात घेणे होय. शिवाय ज्या भेगांतून पाणी वैशाखात पळते त्या कोठे जातात हे कोणी पाहत नाही. पहूरच्या त्या घरी शोषखड्ड्यापासून पिण्याच्या पाण्याची विहीर अवघी तीस फूट होती. मानक अठरा मीटर, म्हणजे सुमारे साठ फूट अंतर सांगते. आम्ही त्याच सायंकाळी पिण्याचे पाणी उकळून घेण्यास सांगितले व विहिरीच्या पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीमार्फत तपासणीस पाठविण्याची विनंती केली. वृद्ध मातेने सांगितले की धाकट्या मुलास दोन महिन्यांत तीनदा जुलाब झाले होते. त्याचे कारण हेच, असे आम्ही म्हणत नाही. परंतु तो प्रश्न त्या घरी तोवर कोणाच्याही मनात आला नव्हता.

जमिनीखेरीज आणखी दोन कारणे त्या घरी सापडली. पागोळ्यांचे पाणी नेमके शोषखड्ड्यावर पडत होते. आणि जुलै महिन्यात घरात कपडे धुण्याचे यंत्र आले होते. त्याचे पाणी टाकीस जोडले होते. असे यंत्र एका वेळेस शंभर लिटरांच्या आसपास पाणी एकदम सोडते. तेवढा लोंढा टाकीत शिरला म्हणजे बसलेला गाळ ढवळतो व पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जाऊन मातीची छिद्रे लिंपून टाकतो. टाकी मैल्यासाठी आहे. न्हाणीचे व धुण्याचे पाणी तिच्यात सोडण्याची मुळीच गरज नाही. ते परसातील केळींस किंवा कर्दळींस द्यावे.

घरधन्यांनी ह्या तीन दिवसांत केलेले उपायही सांगितले पाहिजेत. त्यांनी ॲसिडच्या दोन बाटल्या ओतल्या, मग कोणाच्या सांगण्यावरून गूळ व ताक ओतले, मग बाजारातील जिवाणूंची पुडी आणून टाकली. ॲसिडाने टाकीतील उपयोगी जंतू मरतात व सिमेंट खाल्ले जाते. गूळ-ताकाने अपाय नाही, उपायही नाही. मैला कुजविणारे जंतू मैल्यातच विपुल असतात. पुडीने साठलेला गाळ उपसण्याचे टळत नाही, आणि भरलेला शोषखड्डा तर तिने रिकामा होणे शक्यच नाही. ह्या सर्वांत सुमारे नऊशे रुपये गेले होते.

आम्ही सुचविले ते इतकेच. यंत्राचे व न्हाणीचे पाणी त्याच दिवशी तोडून परसात वळविले. पागोळ्यांखाली पत्र्याची पन्हळ बसविली. शौचकूपात बादलीऐवजी मोजके पाणी ओतावयाचे ठरले. हवेच्या नळीच्या तोंडाशी कोळ्याचे जाळे व कचरा दाटला होता, तो काढून बारीक जाळी बांधली, कारण ह्याच नळीतून डासही ये-जा करतात. पाऊस उघडला होता, हे आमचे सुदैव. तिसऱ्या दिवशी पाणी जाऊ लागले. पूर्वीसारखे नव्हे, पण जाऊ लागले. टाकीचे जादा पाणी गटारीस सोडून द्यावे, असा सोपा सल्ला एका गृहस्थाने दिला होता. तो आम्ही मानू दिला नाही, कारण ते पाणी दिसावयास निवळ असले तरी रोगजंतूंनी भरलेले असते, आणि गटार शेजाऱ्याच्या दारावरूनच जाते.

कायमचा उपाय दिवाळीनंतर झाला. विहिरीपासून सत्तर फुटांवर, परसाच्या उंच अंगास, मुरूम अडीच फुटांवर लागत होता. तेथे व जुन्या खड्ड्याजवळ अशी दोन लहान भोके खणून ती पाण्याने भरून रात्रभर तशीच ठेवली, म्हणजे माती फुगावयाची ती फुगून घ्यावी. सकाळी पुन्हा पाणी घालून ते एक इंच उतरण्यास किती वेळ लागतो हे घड्याळ लावून पाहिले. काळ्या मातीत एक तास उलटून गेला तरी इंच पुरा झाला नाही. मुरमात वीस मिनिटे लागली. अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत असल्यास तेथे साधा शोषखड्डा करण्यात पैसा घालवू नये. मुरमाच्या अंगास तीस फूट लांब, दोन फूट रुंद व तीन फूट खोल चर खणून त्यात खडी भरली, भोके पाडलेली नळी मंद उतारावर ठेवली आणि वर माती ओढली. जेथे सर्वत्र काळी मातीच आहे, तेथे खड्ड्याच्या बांधकामाबाहेर फूटभर जाडीचा वाळूचा किंवा बारीक खडीचा वेढा सर्व बाजूंनी भरावा. मातीस फुगण्यास जागा मिळते व पाणी झिरपण्यास पृष्ठभाग वाढतो. नवीन शौचकूप बांधणाऱ्यांनी टाकीऐवजी दोन खड्ड्यांचा संडास करावा, हे आमचे मत आहे. एक खड्डा भरला की दुसरा चालू करावयाचा. पहिल्यातील मैला दोन वर्षांत निर्धोक खत होतो, व कोणास मैल्यास शिवावे लागत नाही. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याच्या खतासाठी व भंगीमुक्तीसाठी आयुष्य वेचले ते ह्याच हेतूने.

गाळ खरोखरच वाढला असेल तेव्हा उपसा यंत्राच्या गाडीनेच करावा, आणि तो भर पावसाळ्यात टाळावा. ओल्या जमिनीत रिकामी केलेली हलकी प्लास्टिकची टाकी वर उचलली जाते. गाडीवाल्यास मैला कोठे टाकणार हे अवश्य विचारावे. नाल्यात ओतला तर तो वाघुरेत जाईल व खालच्या गावास पिण्यास मिळेल. वाई व सिन्नर येथील नगरपरिषदांनी अशा मैल्यावर प्रक्रिया करण्याची केंद्रे उभारली असून वाईस तर प्रत्येक घरची टाकी तीन वर्षांच्या फेऱ्याने उपसली जाते. कोणी तक्रार करण्याची वाट पाहत नाहीत.

मार्गशीर्षात आम्ही पुन्हा पहूरला गेलो. चर खणण्याचे काम त्या दोरवाल्या मनुष्यासच दिले होते. चार दिवसांची मजुरी त्यास रोख मिळाली, ती पाचशेहून पुष्कळ अधिक होती. टाकीच्या ढाप्यांस लोखंडी कड्या बसविल्या आहेत. शौचकूपाच्या दाराच्या आतल्या बाजूस घरातील थोरल्या मुलीने रंगाने लिहून ठेवले आहे: 'गाळ ९ इंच, भाद्रपद. पुढचे माप वैशाखात.' वेळू गोठ्याच्या आढ्यास टांगलेला आहे.